पुण्याला गेल्यावर दाखवू

१८ जानेवारी, शनिवार

रोज लिहायचं नाही. डोक्यात फार झालं की लिहायचं. आज फार झालंय.

म्युनिकमध्ये मंडळाची संक्रांत होती. शाळेचा हॉल भाड्याने घेतलेला, शंभरेक माणसं, काळ्या साड्या, बाहेर उणे तीन. मी गेलो कारण उर्जा जाणार होती. ती काळ्या कुर्त्यात होती. बाकी हॉलमध्ये काय झालं ते मला विचारू नका, मला आठवत नाही.

तिनेच तिळाची वडी दिली. "घे. निदान आज तरी गोड बोल, तुला सगळ्यांत जास्त गरज आहे." मी चावा घेतला. वडी दगडासारखी होती. अर्धा तुकडा हातात राहिला आणि त्यावर लाल ठसा.

"तनय, हे रक्त आहे."

"हिरड्यांचं असेल. येतं."

"येतं म्हणजे? कधीपासून?"

"अकरावीपासून. सकाळी ब्रश करताना पण येतं. आमच्याकडे सगळ्यांनाच येतं."

तिने माझ्याकडे असं बघितलं जसं मी सांगितलंय की आमच्याकडे सगळ्यांनाच शेपूट असतं. म्हणाली, कॅम्पसजवळ गार्चिंगमध्ये दातांची चांगली प्राक्सिस आहे, मी दर सहा महिन्यांनी जाते, तू पण जा. मी म्हटलं, दुखत काहीच नाही तर दाताच्या डॉक्टरकडे जाऊन काय सांगू? ऑक्टोबरमध्ये पुण्याला जाणारच आहे, तेव्हा एकदम दाखवू. आईने डॉक्टरांची यादी करून ठेवली आहे.

शेजारी हृषिकेश उभा होता. डॉक्टरेट करतो, एकतीस वर्षांचा आहे, त्याला सगळं माहीत असतं. तो लगेच म्हणाला, "बरोबर आहे. मी पण सगळं तिकडेच करतो. मागच्या खेपेला नऊ दिवसांत तीन रूट कॅनल. सकाळी दात, संध्याकाळी लग्नाची खरेदी." मग टेबलाभोवती सगळ्यांचं सुरू झालं. एका काकूंची कॅप दिवाळीपासून निघालेली, त्या मे महिन्याची वाट बघतायत. कोणी गणपतीपासून फक्त डाव्या बाजूने जेवतंय. लोक हे असं सांगत होते जसं विमानाचं स्वस्त तिकीट मिळाल्याचं सांगतात. हृषिकेशशी माझं पटलं असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. उर्जा मात्र हसली नाही.

येताना यू-बानमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी होती, तरी ती समोर बसली, तीही तिरकी. पण पर्समधून बडीशेप काढून दिली. दोनदा. कोणी कोणाला उगाच दोनदा बडीशेप देतं का?

ती २९ मार्चला बर्लिनला जातेय, एका स्टार्ट-अपमध्ये थीसिस करायला. माझ्याकडे दहा आठवडे आहेत. त्याच्या आत तिला सांगायचं. न सांगता गेली तर संपलं. बर्लिन कसल्या कसल्या पोरांनी भरलेलं आहे.

२३ जानेवारी, गुरुवार

आज वर्कशॉपमध्ये ओरडलो.

एक बाई आल्या. सायकल उत्तम, दोन हजारांच्या वरची, आणि चेन कधी बदलली विचारलं तर म्हणे, बदलायची असते? आमच्याकडे चेन मोजायची एक पट्टी असते. तिचं टोक कडीत सहज आत गेलं की समजायचं, चेन ताणली गेली. वेळेवर आणली तर नुसती चेन बदलून भागतं. नाही तर ती ताणलेली चेन मागच्या दातेरी चक्रांचे दाते खात बसते, मग चेन, चक्रं, सगळंच टाकून द्यावं लागतं. यांची पट्टी अख्खी आत गेली.

"चार वर्षांत एकदाही दाखवायला आणली नाहीत?"

"पण ती नीट चालत होती."

"चालतेच हो! तुटेपर्यंत सगळं चालतं!"

बाई एक पाऊल मागे सरकल्या. हेर ब्रांडल, म्हणजे आमचे माइस्टर, वर्कशॉपचे मुख्य, मला मागच्या खोलीत घेऊन गेले. "ओरडून चेन आखूड होते का? नाही ना, आल्झो. पट्टी लावायची, आकडा दाखवायचा, गप्प बसायचं. बाकी आकडा बोलतो." मग डबी काढून पेपरमिंट दिलं. रोज देतात, सकाळी एक आणि जेवणानंतर एक. स्वतः खात नाहीत. माणूस मोठ्या मनाचा आहे.

घरी विचारतात, इंजिनिअरिंग सोडून सायकली कसल्या दुरुस्त करतोस. आउसबिल्डुंग आहे, काम करत शिकायचं, पगार आहे, व्हिसा आहे. आणि कॉलेज मी सोडलं, त्यांनी काढलं नाही. दोन पेपर गेले होते. इथे तपासलेला पेपर बघायला बोलावतात, कुठे चुकलं ते दाखवतात. मी गेलो नाही. लाल शाई बघायला कोण जातं? तिसऱ्या सेमिस्टरला म्हटलं, बास. उर्जा तेव्हा म्हणाली होती, निदान बघून तर ये. तिच्यावर पण चिडलो होतो. असो.

१ फेब्रुवारी, शनिवार

वाट लागली.

गार्चिंगच्या तळ्याभोवती चालत होतो. काठाला बर्फ. ती बर्लिनच्या खोलीबद्दल बोलत होती, कोणा दोन मुलींबरोबर फ्लॅट मिळतोय. वाऱ्याने तिची बट सारखी तोंडावर येत होती. मी थांबलो. ती थांबली. मी वाकलो. तिने मान फिरवली. माझे ओठ तिच्या लोकरीच्या टोपीला लागले.

"सर्दी झालीये मला," ती म्हणाली. "तुला होईल."

कसली सर्दी? येताना बेकरीपाशी "काय मस्त वास येतोय" म्हणून हीच उभी राहिली होती ना? नाक बंद असलेल्या माणसाला बेकरीचा वास येतो?

टोपीची लोकर अजून तोंडात आहे असं वाटतंय.

३ फेब्रुवारी, सोमवार

तिला बघितलं. मेन्साच्या, म्हणजे कॅन्टीनच्या, बाहेर, हृषिकेशबरोबर. दोघांची डोकी एका फोनवर. ती हसतेय, तो काहीतरी दाखवतोय, दोघांच्या चेहऱ्यांत वीतभर अंतर. आणि माझ्याबरोबर असली की मध्ये टेबल लागतं! त्याला 'दादा' म्हणते म्हणे. दादा म्हणून सुरुवात झालेली किती प्रकरणं मला माहीत आहेत. म्हणजे एकही माहीत नाही, पण असतील.

अकरा मेसेज पाठवले. पहिले तीन बरे होते. तिचा एक आला: "उद्या शांतपणे बोलू." मी लिहिलं: "का, आधी दादाला विचारायचंय?" मग निळ्या खुणा झाल्या आणि काही नाही.

कुमारने, म्हणजे माझ्या रूममेटने, परत खिडकी उघडली. बाहेर शून्य. म्हटलं, "मरायचंय का?" तर म्हणे, "मोकळी हवा लागते मला." कोल्हापूरचा आहे. तिकडे सगळे असेच असणार.

६ फेब्रुवारी, गुरुवार

ती वर्कशॉपमध्ये आली. मी ग्रीसचे हात पुसत बाहेर गेलो. मला वाटलं, सॉरी म्हणायला आली. जाण्याआधी हातातल्या चाकाचे नट दोनदा मोजले.

तिने कार्ड दिलं. त्यावर माझं नाव, १३ फेब्रुवारी, सव्वानऊ. दाताच्या प्राक्सिसचा टेर्मीन, म्हणजे ठरवून घेतलेली वेळ. व्यावसायिक दंत-स्वच्छता, असं काहीतरी.

"माझा टेर्मीन होता. नवा मिळायला तीन महिने लागतात, म्हणून मी फोन करून तुझ्या नावावर केला. पैसे भरलेत. जा हं, प्लीज."

"का?"

"रक्त येतं ना तुझ्या हिरड्यांतून."

"ते पुण्याला दाखवणार आहे, सांगितलं ना? मी काय घोडा आहे, विकत घ्यायच्या आधी दात बघायला?"

"तनय, हळू."

"हृषिकेशचे पण तपासून आणलेस का?"

ती बोलायला लागली होती. तोंड उघडलं, परत मिटलं. हेल्मेट घातलं, क्लिप लागेना, दोनदा चुकली. मग गेली. मी कार्ड कचऱ्यात टाकलं. वर जुनी ट्यूब टाकली.

सांगायचं होतं काय आणि सांगितलं काय. सात आठवडे उरलेत.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी आलो तर दुरुस्तीच्या कामांच्या फळीवर, दोन ब्रेकच्या आणि एका पंक्चरच्या मध्ये, माझं कार्ड. ग्रीसचा डाग पडलेलं. हेर ब्रांडलनी कचऱ्यातून काढून टाचणीने लावलेलं.

"मी जाणार नाहीये."

"टेर्मीन आहे."

"मी घेतलेला नाही."

"नाव तुझं आहे ना? कोणीतरी आपली जागा सोडून तुला दिली आहे. टेर्मीन म्हणजे टेर्मीन. गुरुवारी तू अकराला आलास तरी चालेल." मग पेपरमिंटची डबी काढली, माझ्याकडे बघितलं, आणि या वेळी अख्खी डबीच माझ्या हातात ठेवली. "जा बाबा," म्हणाले. "मी सांगतो म्हणून जा."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

गेलो. लिहून काढतो.

काउंटरवरच्या मुलीने विमा कार्ड घेतलं. विचारलं, मागची तपासणी कधी? म्हटलं, जर्मनीत कधीच नाही. तीन वर्षांत? नाही. तिने सांगितलं की नुसती तपासणी विम्यातच असते, वर्षातून दोनदा. मग एक छोटं पुस्तक दिलं, त्यात दर वर्षाला एक चौकोन आणि चौकोनात शिक्का. माझं कोरं. आईच्या यादीपेक्षा बरं बाइंडिंग होतं.

आत फ्राऊ यिल्माझ. पन्नाशीच्या, दंतस्वच्छतेचं काम तीस वर्षं करतायत. मास्कच्या वर नुसते डोळे. मला वाटलं, पॉलिश करतील आणि सोडतील. त्यांनी आधी एक बारीक सळई घेतली, टोकाला काळ्या रेघा. म्हणाल्या, दात आणि हिरडी यांच्यामध्ये ही किती आत जाते ते मोजते. शेजारची मुलगी कॉम्प्युटरवर आकडे घालत होती. "द्राय. द्राय. फिअर." तीन, तीन, चार. "फ्युन्फ. झेक्स." पाच, सहा. मला आकड्यांची सवय आहे. पट्टी आत जातेय हे मला त्यांच्या आधी कळलं. खालच्या पुढच्या दातांवर आल्या, आणि "झिबन". सात. मुलीने मान वर करून बघितलं.

दुखलं का? जवळजवळ नाहीच. तेच तर.

"किती वर्षं रक्त येतंय?"

"सहा."

"सिगारेट?"

"नाही."

"घरी कोणाचे दात लवकर गेले?"

"बाबांचे. चव्वेचाळिसाव्या वर्षी कवळी. आमच्या घराण्यात दात कच्चेच."

"कच्चे," त्या म्हणाल्या, नुसतंच.

मग डॉक्टर आल्या, एक्स-रे दाखवला. दाताभोवती हाड कुठपर्यंत असायला हवं ती रेघ, आणि माझं कुठे आहे ती. दोन रेघांमध्ये काळं. माझ्या वयाला हे फार आहे म्हणाल्या, पण घरात असेल तर होतं, म्हणून तर लवकर यायला हवं होतं. ब्रश वरवर फिरतो. हिरडीच्या खाली जे साचून दगडासारखं होतं, तिथे तो पोचत नाही, ते इथे येऊनच काढावं लागतं. गेलेलं हाड परत येत नाही. आहे ते थांबवता येतं.

"पण मला दुखलं नाही हो कधी!"

"दुखलं असतं तर तुम्ही सहा वर्षांपूर्वी आला असतात," फ्राऊ यिल्माझ म्हणाल्या.

खालचे पुढचे दोन हलतायत. त्यांनी चिमट्याने हलवून दाखवले. माझ्या तोंडातली वस्तू मलाच हलवून दाखवली.

हे सगळं झाल्यावर, हातमोजे काढता काढता, अगदी पावसापाण्याचं विचारावं तसं त्यांनी विचारलं, "आणि वासाचं कोणी बोललं नाही?"

"कसला वास?"

त्यांनी हातमोजा अर्धा तसाच ठेवला. "तोंडाचा. हिरड्यांच्या एवढ्या खोल खिशांत जीवाणू असतात, त्यांचा येतो. स्वतःला कळत नाही. पण घरचे, मैत्रीण, कोणीतरी सांगतंच."

"नाही. कोणी नाही सांगितलं."

"सोन्डरबार," त्या म्हणाल्या. विचित्र आहे.

वर्कशॉपला अकराला पोचायचं होतं, साडेबाराला पोचलो. दोन स्टेशनं पुढे जाऊन परत आलो. डब्यात समोर एक म्हातारा होता. मी तोंड मिटून बसलो होतो.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दुकानांत लाल फुगे. फोडावेसे वाटत होते.

कुमारला धरलं. तो अंडी फोडत होता.

"तुला वास येत होता?"

"कसला?"

"माझ्या तोंडाचा."

त्याने अजून एक अंडं फोडलं. "खिडकी उघडत होतो की."

"सांगितलं का नाहीस? चार महिने एका खोलीत राहतोस माझ्याबरोबर!"

"हे बघ. हे असं ओरडतोस म्हणून. मागे म्हटलं, भांडी घासली नाहीस, तर कढई फेकलीस. मला कढई नको होती, खिडकी परवडते."

"मी चिडलो नसतो."

"आत्ता काय करतोयस, भावा?"

दार आपटून बाहेर आलो. जिन्यात बसून लिहितोय. सगळ्यांना माहीत होतं. कुमारला. ब्रांडलना, ती डबी! त्या मागे सरकलेल्या बाईंना. आणि तिला. टोपी. सर्दी. तिरकी जागा. ती बडीशेप मी प्रेमाची समजून खाल्ली.

एकाने तरी सांगायचं. परक्या बाईने सांगावं, हातमोजा काढता काढता?

२ मार्च, रविवार

विम्याची मंजुरी आली. २० आणि २१ला हिरडीखालची सफाई, भूल देऊन, एकेक बाजू.

उर्जाचा मेसेज नाही. मी पण नाही. सॉरी लिहितो आणि पुढचं वाक्य आपोआप भांडणाचं होतं. चार वेळा झालं.

आईचा फोन. तिला दातांचं सांगितलं. "अरे तिकडे कशाला, ऑक्टोबरला येतोयस ना? आपले कुळकर्णी डॉक्टर दोन दिवसांत करतील." म्हटलं, आई, हे दोन दिवसांचं काम नाही. "बाबांचं पण असंच होतं, वय झालं की होतं." म्हटलं, आई, बाबा चव्वेचाळीस वर्षांचे होते. मग पलीकडे नुसता कुकर. म्हटलं, इराला येतं का रक्त? इरा माझी बहीण, सतरा वर्षांची. आई म्हणाली, "थोडं येतं. बारावी होऊ दे तिची."

ओरडलो. आईने फोन ठेवला. मी परत लावला. तिने उचलला, पण पहिली दहा सेकंद काहीच बोलली नाही. ती वाट बघत होती, माझं झालं का याची. ही शांतता मी आधी कितीदा ऐकली असेल? मला वाटायचं, नेटवर्क.

२० मार्च, गुरुवार

उजवी बाजू झाली. तास-सव्वातास. खरवडण्याचा आवाज थेट कवटीत ऐकू येतो. अर्धी जीभ, अर्धे ओठ, हनुवटी, सगळं बधिर. फ्राऊ यिल्माझनी सांगितलं, तीन तास गरम पिऊ नकोस, जास्त बोलू नकोस.

तिथून तिचं वोनहाइम, म्हणजे विद्यार्थ्यांचं हॉस्टेल, दहा मिनिटांवर. नऊ दिवस उरलेले. गेलो. सगळी वाक्यं तयार होती. चांगली होती, पाठ केली होती: एक, मला सगळं कळलंय. दोन, तू सांगायला हवं होतंस. तीन, चूक दोघांची आहे. चार, माझं तुझ्यावर.

तिने दार उघडलं. मी "उर्जा" म्हणायला गेलो आणि जे बाहेर आलं ते नाव नव्हतं. लाळ आली. माझ्या हनुवटीवर आहे हे मला तिच्या नजरेवरून कळलं. तिने टिश्यू दिला.

"गेलास?" माझ्या गालाकडे बघत म्हणाली. "इंजेक्शन दिलंय?"

मी मान हलवली.

"बोलता येत नाही?"

नाही.

"किती वेळ?"

मी तीन बोटं दाखवली. ती खुर्चीवर बसली. मला पलंगाच्या कडेला बस म्हणाली. अर्ध्या खोलीत खोके भरलेले होते. ती बराच वेळ चिकटपट्टीचं टोक शोधत होती, सापडलं तरी शोधत होती.

"तुझ्या तोंडाचा वास यायचा मला," ती म्हणाली. "नोव्हेंबरपासून. झालं सांगून. किती लहान वाक्य आहे बघ. हे सांगायला मी रोज आरशासमोर प्रॅक्टिस करत होते. मग बडीशेप घेतली. मग कार्ड घेतलं. म्हटलं, बोलायला नको, नुसतं हातात द्यायचं आणि पळायचं. तरी तू घोडा काढलास."

मी काहीतरी म्हणालो. बहुतेक "सांगायचं ना".

"कसं सांगायचं? पेपर बघून ये म्हटलं तेव्हा आठवडाभर बोलला नाहीस. जाताना दार असं आपटलंस की शेजारची लेना मला विचारायला आली, तू ठीक आहेस ना. मी म्हटलं, दार जड आहे. मी तुझ्यासाठी दाराला नावं ठेवली, तनय." ती हसायला गेली, जमलं नाही. "आणि हृषिकेशदादाचं मेमध्ये लग्न आहे. साड्यांचे फोटो दाखवत होता मला. अख्ख्या गार्चिंगला माहीत आहे. तुला सांगत होता तो संक्रांतीला, तू ऐकत नव्हतास."

माझ्याकडे उत्तरं होती. जीभ नव्हती. पहिल्यांदा असं झालं की माझं आत उकळतंय आणि बाहेर काही येत नाही, आणि समोरचं माणूस थांबत नाहीये, पुढे बोलतंय.

"वासावर इलाज असतो. मी वाचलं, फोन केला, माझा टेर्मीन दिला. पण मला तुझी भीती वाटते, त्याला मी कोणाचा टेर्मीन घेऊ? साधी गोष्ट सांगायला ज्याच्यासमोर धीर गोळा करावा लागतो, त्याच्याबरोबर मी कशी राहू? सांग. म्हणजे, आत्ता नको सांगूस."

मग तिने विचारलं, "डॉक्टर काय म्हणाल्या?" मी बोटांनी दाखवलं. सहा. सात. ती म्हणाली, "अरे देवा," आणि उठून खिडकीपाशी गेली. खिडकी उघडली नाही.

आता पाच वाजलेत. भूल उतरली. सगळी वाक्यं आठवतायत. बघितली एकेक. काही खास नव्हती.

२१ मार्च, शुक्रवार

डावी बाजू. आज कोणाकडे गेलो नाही. ब्रांडलना डबी परत दिली. ते म्हणाले, "मी सरळ सांगायला हवं होतं. पण तुझ्या हातात नेहमी पाना असतो." आणि हसले. मी पण हसलो, उशिरा.

२९ मार्च, शनिवार

तिला स्टेशनवर सोडलं. तिनेच बोलावलं, बॅगा तीन होत्या म्हणून. एवढंच कारण असेल. शोधू नकोस दुसरं.

दहा आठवडे जे सांगायचं ठरवलं होतं ते सांगितलं नाही. फलाटावर चौदा मिनिटं होती, एका वाक्याला पुरली असती. पण तिच्या खांद्याकडे बघत होतो. मी बोलायला श्वास घेतला की तो खांदा किंचित वर जातो. हे मी आधी कधी बघितलं नव्हतं.

म्हणून म्हटलं, "तुला मला काही सांगायचं असलं तर सांगत जा. चिडलो तर फोन ठेव."

"चिडशील."

"चिडेन."

"बरं," ती म्हणाली, आणि चढली.

घरी येऊन अख्खी सायकल खोलली. काही झालं नव्हतं तिला. परत जोडली.

११ मे, रविवार

आईने इराला दाताच्या डॉक्टरकडे नेलं शेवटी. तीन फोन लागले, त्यातल्या दोनांत ओरडलो नाही. पुण्याच्या डॉक्टर म्हणाल्या, हिरड्या सुजल्यात, हाड शाबूत आहे, वेळेवर आणलीत. सहा महिन्यांनी परत. आई म्हणाली, "बाबांना आम्ही असं कधी नेलंच नाही रे." बाबा मागून म्हणाले, "मला विचारलं कोणी?" मग बराच वेळ ते आणि मी फोनवर होतो. कवळीबद्दल बोललो. ते सफरचंद किसून खातात. मला वाटायचं, त्यांना आवडतं तसं.

उर्जा आठवड्याला एकदा फोन करते. सांगते. परवा म्हणाली, तू माझं वाक्य तोडतोस. मी म्हटलं, नाही तोडत, तिचं वाक्य तोडून. तिने फोन ठेवला. वीस मिनिटांनी परत केला.

२७ जून, शुक्रवार

तीन महिन्यांची तपासणी. परत सळई, परत आकडे. द्राय, द्राय, द्राय, फिअर. सहाचे चार झालेत. मी खुर्चीत मुठी आवळून ऐकत होतो, निकाल लागतो तसं. खालचा एक अजून पाच. हलू नये म्हणून मागून बारीक तार चिकटवली. तो राहीलच असं नाही म्हणाल्या, दोनेक वर्षांत कळेल.

"म्हणजे झालं ना?"

"नाही," फ्राऊ यिल्माझ म्हणाल्या. "सप्टेंबरमध्ये परत."

"मी रोज दोन वेळा घासतो, ते मधले छोटे ब्रश पण वापरतो. चुकलो नाही एकदा पण."

"दिसतंय. छान आहे. सप्टेंबरमध्ये परत."

"असं किती वेळा?"

"जोवर दात तोंडात हवेत तोवर."

राग आला. मला वाटलं होतं, एकदा जोर लावायचा, पास व्हायचं, संपलं. मला तसंच जमतं. किंवा तसंही जमत नाही. काउंटरवर २५ सप्टेंबर घेतला. पुस्तकात शिक्का मारून घेतला. पुण्याचं तिकीट त्याच्या नंतरचं काढलं.

उद्या ती येतेय, युनिव्हर्सिटीत एक दिवसाचं काम आहे. झोप येणार नाही.

२८ जून, शनिवार

दोन वाजता भेटलो, कॅम्पसच्या यू-बानबाहेरच्या बाकावर. ऊन होतं. तिने केस कापलेत. बर्लिनचं सांगितलं, बॉसचं, फ्लॅटमधल्या मांजराचं. मी एकदाच वाक्य तोडलं.

मग मी सांगितलं. पाठ न करता, वाईट सांगितलं. मला तू आवडतेस, हे जानेवारीपासून सांगायचं होतं, त्याच्या आधीपासून, मार्चमध्ये फलाटावर पण सांगायचं होतं. सांगताना मी तिच्याकडे वळलो होतो. आमच्यात वीतभर अंतर असेल. ती हलली नाही. मान फिरवली नाही. खांदा पण नाही. सरळ माझ्या डोळ्यांत बघत होती.

"नाही, तनय," ती म्हणाली.

इतकं सहज. धीर गोळा करायला एक सेकंदही लागला नाही तिला.

"आता नाही की कधीच नाही?"

"आज नाही आहे. पुढचं मला माहीत नाही. असलं तर मी सांगेन. तू विचारत बसू नकोस."

तोंडात शब्द आले, ओळखीचे, त्या टोपीच्या दिवसापासूनचे. मी उठलो. काही न बोलता चालू लागलो. लायब्ररीच्या मागून, सायकलींच्या स्टँडमधून, रिसर्च रिअॅक्टरच्या कुंपणापर्यंत. तिथे उभा राहिलो. छातीत चांगलंच दुखत होतं. तिथून घरी जायला बस होती. आलेली सोडली. दुसरी आली, ती पण सोडली. मग वळलो.

ती तिथेच होती. पाण्याची बाटली मांडीवर.

"मला वाटलं, गेलास तू."

"गेलो होतो," मी म्हटलं. "आलो परत."

तिची गाडी साडेचारला होती. अजून तासभर होता.